चवथीला उघडलेली रेडब्रेस्ट दिवाळीला मस्त आणि शिगम्याला फिकी, असं का?

फोंड्याच्या एका दादांचा प्रश्न आहे. भाच्याने डब्लिनहून येताना रेडब्रेस्ट १२ या आयरिश व्हिस्कीची ७०० मिलीची बाटली आणली, गणपती पोचवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी उघडली, पहिला घोट नाकात झोंबला आणि सगळे म्हणाले एवढे पैसे कशाला घातले. दिवाळीत तीच बाटली काढली तर एकदम भारी, मनुका, बदाम, गुळासारखा वास. आता शिगम्याला तळाशी चार बोटं उरली होती ती काढली तर दमच नाही. तर आयरिश व्हिस्की खराब होते का, उरलेली ओतून टाकायची का, आणि पुढच्या बाटलीला काय करायचं.

दादा, ओतू नका. खराब झालेली नाही, तिचा वास कमी झालाय, आणि तो का झाला ते नीट सांगतो कारण हा प्रश्न मला बारमध्ये महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. एकवीस वर्षं झाली काउंटरच्या आतल्या बाजूला, आधी कळंगुटला, मग पणजीत, आणि आता नव्या पोरांना शिकवतो, तर थोडं लांबण लागेल.

पहिलं म्हणजे दोन गैरसमज. आपल्याकडे काकालोकांना वाटतं की बाटली कपाटात वीस वर्षं ठेवली की व्हिस्की वीस वर्षं जुनी होते. नाही होत. लेबलवरचं १२ म्हणजे लाकडी पिंपात काढलेली वर्षं, काचेत गेली की वय थांबलं. आयर्लंडच्या कायद्यात सुद्धा कमीत कमी ३ वर्षं लाकडातच, आणि तीही त्या बेटावरच काढायला लागतात, बाटलीतली वर्षं कोणी मोजत नाही. दुसरा गैरसमज उलटा, की उघडली म्हणजे हवा लागून व्हिनेगर होणार. तेही नाही. व्हिनेगर करणारे जंतू वाईनमध्ये जगतात, चाळीस टक्के अल्कोहोलात त्यांचा टिकाव लागत नाही. आता नुसता ऑक्सिजन धरला तरी हिशोब बघा, अर्धी रिकामी ७०० मिलीची बाटली म्हणजे आत ३५० मिली हवा, त्यात ऑक्सिजन साधारण ९५ मिलिग्रॅम. तो सगळाच्या सगळा अल्कोहोलला चिकटला असं समजलं तरी पाव ग्रॅमच्या जरा वर अल्कोहोल बदलेल, आणि त्या अर्ध्या बाटलीत अल्कोहोल आहे ११० ग्रॅम. म्हणजे किक होती तेवढीच राहते. शिगम्याला दम नव्हता म्हणता तो जिभेला आणि नाकाला नव्हता, दुसऱ्या दिवशी डोकं धरलंच असेल.

मग बदललं काय? तर व्हिस्कीत ९९ टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी आणि अल्कोहोल असतं, आणि आपण ज्याला चव म्हणतो ती उरलेल्या एका टक्क्याच्याही आत बसलेली. तिथे सगळा मामला मिलिग्रॅमचा. त्यामुळे अल्कोहोलला जे ९५ मिलिग्रॅम ऑक्सिजन म्हणजे काहीच नाही ते या वासाच्या द्रव्यांना भरपूर झालं. त्यातही सगळी सारखी नाहीत. काही हलकी, पटकन उडणारी, म्हणजे केळ्याचा वास देणारी, हिरव्या सफरचंदाची, आणि नेलपॉलिशसारखा झोंबणारा वास देणारं इथाइल ॲसिटेट. ही सगळी द्रवातून वर बाटलीतल्या मोकळ्या जागेत येऊन बसतात, तुम्ही बूच काढलं की बाहेर, परत लावलं की नवीन वर येतात, पुढच्या वेळी तीही बाहेर. काही जड, म्हणजे लाकडातून आलेलं व्हॅनिला, खोबऱ्याचा वास देणारी लॅक्टोनं, कडसर टॅनिन, ती जागची हलत नाहीत. म्हणून बाटली उतरत जाते तसं फळ कमी होतं आणि लाकूड वाढल्यासारखं लागतं. वाढलेलं नसतं, बाकीचे उठून गेले म्हणून त्याचा आवाज ऐकू येतो, लग्नघरात जेवणावळ आटोपल्यावर आचाऱ्याची भांडी ऐकू येतात तसं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या, सोपं होईल. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या गाळणीची दारू, मार्च-एप्रिलात भाटीवरून ताजा आणलेला काय वास मारतो, आणि तोच पावसाळ्यापर्यंत बाटलीत ठेवला तर कसा पाणचट लागतो. त्यात अल्कोहोल कमी, धरून ठेवणारं कोणी नाही. काजू फेणी मात्र त्याच रसाची, पुन्हा गाळलेली, चाळीसच्या वर, काचेच्या बुधल्यात वर्षानुवर्षं बसते आणि उलट सुधारली असं जुने लोक सांगतात. वासाची बरीचशी द्रव्यं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त सुखाने राहतात. म्हणूनच ४० टक्क्यांची आयरिश आधी ढासळते, ४६ ची उशिरा, आणि पिंपातून जशी काढली तशी भरलेली पन्नास-पंचावन्नवाली तर कधी कधी अर्धी उतरल्यावरच खरी बोलायला लागते.

आता चवथीला झोंबली आणि दिवाळीला मऊ झाली, त्याचं. रेडब्रेस्ट ही सिंगल पॉट स्टिल जातीची, आयर्लंडच्या कॉर्क शहराजवळच्या मिडलटनमध्ये होते. ही जात आयर्लंडचीच. त्यात मोड आणलेलं बार्ली आणि मोड न आणलेलं कच्चं बार्ली दोन्ही घालतात, नियमाने प्रत्येकी कमीत कमी ३० टक्के, आणि मग तांब्याच्या भट्टीत गाळतात, मिडलटनला तीनदा. कच्चं बार्ली आलं कुठून तर टॅक्स वाचवायला, १७८५ पासून तिकडे मोड आणलेल्या धान्यावर कर बसला तेव्हा भट्टीवाल्यांनी अर्धं कच्चं घालायला सुरुवात केली (आपले लोकही हेच करतील), आणि त्या जुगाडातून तो तेलकट, साईसारखा, मिरी-लवंगेचा पोत आला जो आज लोक जास्त पैसे देऊन घेतात. वर रेडब्रेस्ट बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या आणि ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपांत मुरते. शेरीच्या पिंपांबरोबर कधी कधी गंधकाचा अंश येतो, विझलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा अगदी बारीक वास. नवीन उघडलेल्या बाटलीत तो वास आणि वरचा अल्कोहोलचा झोंबरेपणा दोन्ही एकदम नाकात येतात आणि मागची मनुका-बदाम दबून जातात. हवेशी ओळख झाली की गंधकाचा वास आधी जातो, झोंबणारे हलके वासही थोडे जातात, पण पोत आणि सुकामेवा अजून भरपूर असतो. तुमची दिवाळी तिथे आली. बाटली तेव्हा साधारण दोन तृतीयांश असणार, बरोबर ना? माझ्या अनुभवात पॉट स्टिलचा सगळ्यात गोड काळ तोच, उघडल्यापासून तीन-चार आठवडे ते तीन-चार महिने आणि पातळी अर्ध्याच्या वर.

पण हे सगळ्या आयरिशला लागू नाही हं. जेमसन, टुलामोर, बुशमिल्सची साधी, या ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळलेल्या, त्यांत मका-गव्हाची हलकी ग्रेन व्हिस्की बरीच, आणि त्यांची मजाच मुळात त्या हलक्या फुलाफळांच्या वासात. त्या उघडल्या दिवशीच सगळ्यात चांगल्या, नंतर उतरणच आहे, त्यांना हवा देऊन सुधारायची वाट बघू नका. ब्लॅक बुशमध्ये शेरीचा हात असल्याने ती जरा तग धरते. टीलिंगची स्मॉल बॅच ४६ टक्के आणि थंड करून गाळलेली नाही, त्यामुळे तिचा रमच्या पिंपाचा गोडवा बरेच महिने टिकलेला मी बघितलाय. कोनेमारा धुरकट, तिचा धूर हळूहळू बसतो आणि खालचा मध वर येतो, काहींना तेच आवडतं, मला नाही, धूर पाहिजे म्हणून तर घेतली.

आता गोव्याचं, कारण पुस्तकात वाचाल उघडलेली बाटली एक-दोन वर्षं राहते, ते लिहिणारा अठरा अंशांच्या घरात बसलेला असतो. आपलं घर मार्च ते मे दुपारी ३३. शुद्ध अल्कोहोलच्या वाफेचा जोर २० अंशांवरून ३० वर गेला की जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि वासाची द्रव्यं त्याच्या बरोबरीने वर येतात. म्हणजे त्याच बुचाच्या त्याच उघडझापीत आपल्याकडे जास्त वास बाहेर पडतो. त्यात दिवसा आतली हवा फुगते, रात्री आकसते, बूच ढिलं असेल तर बाटली रोज थोडा थोडा श्वास घेते. दुपारी कपाट उघडून बूच काढल्यावर फट्ट आवाज येतो ना, तो हाच. कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्कीच्या गोदामात पिंपातून वर्षाला आठेक टक्के उडून जातं असं सांगतात आणि आयर्लंडमध्ये दोनच्या आसपास, पिंप लाकडाचं आणि बाटली काचेची हा फरक धरला तरी हवा कुठली आणि कुठे ते लक्षात येईल.

मी स्वतः शिकलो ते चूक करूनच. हॉटेलात होतो तेव्हा मागच्या फळीवर भारी बाटल्या अगदी वर, खालून पिवळे हॅलोजनचे दिवे, गिऱ्हाईक बघून खूश, फोटो काढतंय. एक पॉट स्टिल होती, महाग म्हणून महिन्यात दोन लार्ज जायचे. सीझन संपता संपता एका म्हाताऱ्या आयरिश जोडप्याने मागितली, म्हाताऱ्याने वास घेतला, काही बोलला नाही, पेग बाजूला सरकवला आणि बिअर मागवली. मी मागे जाऊन चाखली तर ओला पुठ्ठा. बाटलीला हात लावला तर चहाच्या कपासारखी कोमट. आठवडाभर मला तो सरकवलेला पेग दिसत होता. त्यानंतर माझ्या हाताखालच्या कुठल्याच बारमध्ये चांगली बाटली दिव्यासमोर नाही, दिव्यासमोर रिकाम्या लावा, भरलेल्या खाली अंधारात.

घरी पण तेच. फ्रीजच्या वरचं कपाट नको, तिथे मागून गरम हवा येते. गॅसच्या भिंतीचं नको, खिडकीतल्या शोकेसचं तर नकोच, ऊन लागलं की रंगसुद्धा उतरतो. आतल्या खोलीतलं, जमिनीलगतचं कपाट सगळ्यात बरं. बाटली उभीच ठेवायची, वाईनसारखी आडवी नाही, चाळीस टक्के अल्कोहोल कॉर्क खातं आणि मग तुकडे पेगमध्ये. पावसाळ्यात कॉर्कच्या डोक्यावर आणि लेबलवर बुरशी येते, घाबरू नका, ती बाहेरची आहे, आत जगू शकत नाही, पण ओतताना मानेवरचा तो कुबट वास पेगात उतरतो म्हणून स्वच्छ फडक्याने मान पुसून घ्यायची. संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं टाकू नका, एखाद्याचं मोडलं तर उपयोगी पडतात.

एक गोष्ट लोकांना आवडत नाही पण सांगतो. चव बदलली असं वाटतं त्यातलं निम्मं बाटलीत नसतं, आपल्यात असतं. चवथीनंतर पाच दिवस गोडधोड, नेवऱ्या, मोदक खाल्लेली जीभ आणि दिवाळीच्या सकाळी पोहे खाऊन संध्याकाळी बसलेली जीभ एक नाही. तिखट हुमण-भात जेवून वर पॉट स्टिल घेतली तर अल्कोहोल दुप्पट झोंबणार. सर्दी, एसी, सिगरेट, आणि पहिल्या पेगनंतरचा दुसरा, सगळं फरक करतं. आणि एक ज्याच्याकडे कोणी बघतच नाही, डोक्यावरचा पंखा. ग्लासात वास वर आला रे आला की पंखा घेऊन जातो, अंगणात समुद्राचा वारा तसाच. मी टेस्टिंगला पंखा बंद करायला लावतो, पोरं घामाघूम होऊन शिव्या घालतात पण नाक चालतं.

खरंच बदलली की नाही ते बघायचं असेल तर उपाय सोपा आहे. नवीन बाटली उघडली की त्याच दिवशी ९० ची एक छोटी काचेची बाटली काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून अंधारात ठेवून द्या, वर हवेला जागाच नाही. तीन महिन्यांनी घरच्या कोणाला तरी सांगा तीन ग्लास भर, दोन एकातले आणि एक दुसऱ्यातला, कुठला कुठला ते मला सांगू नको. वेगळा ओळखता आला तर बदलली. मी स्वतः यात किती वेळा तोंडावर आपटलोय ते विचारू नका. अर्ध्याच्या वर असलेल्या बाटलीत ओळखणं कठीण जातं, पाव उरलेली मात्र बहुतेक सगळे ओळखतात. म्हणून मी तारखेपेक्षा पातळी बघतो. आपल्या हवेत माझा अंदाज असा, पाऊण भरलेली असेल तर वर्षभर चिंता नाही, अर्ध्याला आली की पाच-सहा महिने, आणि पावच्या खाली गेली की महिना-दीड महिन्यात संपवायची. जेमसनसारख्या हलकीला यातून अजून थोडं वजा करा. तुमची चार बोटं किती महिने पडून होती ते बघा, उत्तर तिथेच मिळेल.

पावपर्यंत न्यायचीच नसेल तर अर्धी झाल्यावर लहान बाटल्यांत भरा. १८० ची क्वार्टर उत्तम, काचेची, झाकण घट्ट, गरम पाण्याने धुऊन पूर्ण सुकवलेली. फक्त फेणीची बाटली घेऊ नका. कितीही धुवा, काजूचा वास झाकणातून जात नाही, माझ्या एका दोस्ताने अशी भरलेली रेडब्रेस्ट शेवटी भाटीवरची म्हणून पाजली आणि कोणी ओळखली नाही. काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायची आयडिया पण चालते म्हणतात, मी हिशोब केला, १६ मिलीमीटरची गोटी म्हणजे २ मिलीच्या जरा वर जागा, अर्धी बाटली भरायला दीडशेच्या वर गोट्या, आणि मग ओतताना खडखडाट. वाईनचा व्हॅक्यूम पंप वापरू नका, तो हवेबरोबर वासच ओढून काढतो. आर्गॉन वायूचा स्प्रे काम करतो पण घरी दोन बाटल्यांसाठी कशाला. शोकेसमधलं नक्षीचं डिकँटर तर शत्रू समजा, काचेचं बूच कधीच घट्ट नसतं आणि जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं ते हळूहळू दारूत उतरतं, पाहुण्यांसमोर ओतायला ठीक, ठेवायला नाही.

आणि पुढच्या वेळी नवीन बाटली झोंबली तर दोन महिने थांबायची पण गरज नाही. बाटलीत पृष्ठभाग केवढासा, ग्लासात पसरट. स्मॉल ओता, वर बशी झाका, वीस मिनिटं गप्पा मारा, मग बशी काढून पहिला भपका जाऊ द्या आणि चमचाभर पाणी घाला. बाटलीतल्या महिन्याभराचं काम ग्लासात तेवढ्यात होतं. सोड्यात किंवा कोकमध्ये घेणार असाल तर वरचं सगळं विसरा, तिथे चवथीची आणि शिगम्याची एकच.

अजून एक, हळूच विचारतो, रागावू नका. घरात कॉलेजला जाणारं कोणी आहे का? एका गिऱ्हाइकाची बाटली अशीच फिकी झाली होती, ऑक्सिजन ऑक्सिजन म्हणून माझं डोकं खाल्लं, मी बाटली जोरात हलवून बघितली तर बुडबुडे आले आणि लगेच विरले, शेजारी नवीन बाटली हलवली तर तिचे बराच वेळ टिकले. मुलगा पिऊन पाणी भरून ठेवत होता.

तसं काही नसेल तर तुमची चार बोटं आयरिश कॉफीला वापरा, तिथे फळाचा वास गेला तरी बिघडत नाही, उलट लाकूड आणि तो तेलकट पोत कॉफीला धरतात. ही कॉफी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधल्या फॉइन्सच्या विमानतळावर जो शेरिडन नावाच्या शेफने थंडीत कुडकुडणाऱ्या प्रवाशांसाठी केली. आपल्याकडे थंडी नाही, पण पहिल्या पावसाची संध्याकाळ चालते. ग्लास गरम पाण्याने तापवून घ्या, त्यात दोन चमचे ब्राऊन साखर, १२० मिली कडक कॉफी, नीट ढवळा, साखर विरघळली नाही तर क्रीम वर तरंगत नाही. मग ४० मिली व्हिस्की. क्रीम फ्रीजमधलं थंडगार, डब्यात घालून हलवून जेमतेम दाट करायचं, केकसारखं नाही, आणि उलट्या चमच्यावरून सावकाश सोडायचं. वर आल्यावर ढवळू नका, क्रीममधूनच प्यायची.